उजवा कौल

“अण्णा, माझ्या पगाराचं जरा बघा की,” मंगलनं शेवटी तोंड उघडलं. भाकरी थापायचा हात तसाच थांबला.

शिवानंद चहाला स्वयंपाकघरात आला होता. कुळगीच्या रस्त्याला त्याचा होमस्टे, आणि तिथलं रांधणं पहिल्या दिवसापासून मंगलकडं. त्यानं कप खाली ठेवला.

“आमच्या रक्षिताच्या आत्यानं गोव्यात तिच्यासाठी धुण्याभांड्याचं काम बघून ठेवलंय. वाढ मिळाली तर पोरीचं कॉलेज चालंल. न्हाईतर सोमवारी तिला गोव्याच्या बसमधी बसवायची.”

“मंगलक्का, मी तरी काय सांगू? देवाला विचारू या.”

आता हा गडी जीप घेतानाही कौल लावणारा, विहीर खणतानाही लावणारा. मंगलला नवल वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मालकापुढं गयावया करण्यापेक्षा देवापुढं केलेली काय वाईट?

सकाळी दोघं देवळात गेली. भिकाजी पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. इथं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“काय इच्यारायचं हाय?” भिकाजीनं विचारलं.

“मनात धरतो.” शिवानंदनं हात जोडले.

“धर. देवाला कान हायत.”

मंगलनं पदर पसरला. देवा, उजवी दे. आजवर काय मागितलं न्हाई, एवढी उजवी दे.

डावी पाकळी हलली. बसच्या खिडकीत बसलेली पोर मंगलला दिसायला लागली. तिनं डोळे गच्च मिटले.

“पडली! उजवी पडली!” भिकाजी ओरडला.

“दिली गं बाई, दिली!” मंगल रडायलाच लागली. देवाच्या पाया पडली, भिकाजीच्या पडली, वाकता वाकता मालकाच्याही पडणार होती. “अण्णा, देवानं होय म्हटलंय. आता तुम्ही न्हाई म्हणायचं न्हाई!”

“देवाचा शब्द मी कसा मोडू?” शिवानंदनं तिला मधेच धरलं. त्याचेही डोळे भरले होते. “मंगलक्का, पाव्हणंच येईनात गं. किती दिस सांगीन म्हणतोय, तुझ्या तोंडावर बोलवंना. म्हणून देवालाच विचारलं, मंगलक्काला कामावरनं कमी करू का?”