मुख्य पाहुण्याचा प्रश्न

"विचारायचं मात्र तुम्हीच हां, काका," धामापूरच्या तळ्याकाठी गाडी उभी करता करता रियाने पुन्हा बजावलं. जपानी रीतीचा चहा पिऊन झाला की मुख्य पाहुण्याने वाडगा हातात घेऊन निरखायचा आणि तो कुणी घडवला ते यजमानाला विचारायचं. न विचारणं म्हणजे यजमानाचा अपमान.

सत्यवान हसला. "चाय ती चाय. तेचा येवढा सोवळा कित्याक?"

यशोदाही हसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या तिचं आणि सत्यवानाचं नोंदणी लग्न होतं. पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा नवरी व्हायचं म्हणजे जामसंड्यातल्या चार बायकांच्या तोंडाला खाऊ. ते ती सोसणार होती. पण पहिल्या नवऱ्याला, जितेंद्राला, आपण कायमचं पुसून टाकतोय की काय, ही टोचणी काही केल्या जात नव्हती.

जितेंद्राला जाऊन नऊ वर्षं झाली. पार पूर्वेकडच्या, चीनच्याही पलीकडच्या समुद्रात मालवाहू बोटीवरून तो पाण्यात पडला. सत्यवान त्याच बोटीवर होता. लाटेने मित्राला ओढून नेलेलं त्यानेच डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानेच घरी येऊन सांगितलं. देह मिळाला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. सत्यवान पुन्हा बोटीवर गेला नाही. यशोदाच्या घरची कौलं शाकारली, रियाचं शिक्षण पाहिलं. शेवटी रियाच म्हणाली, आई, आता पुरे, काकांना हो म्हण.

गेल्या महिन्यात त्याने लग्नासाठी म्हणून तिच्या घराच्या भिंतींना नवा गिलावा करवून घेतला. दाराजवळची कुर्ली, खेकड्याची ती आकृती, तेवढी बुजली. घर बांधताना जितेंद्राने ओल्या गिलाव्यात बोटाने ती काढली होती, एकाच डेंग्याची, म्हणजे एकाच नांगीची. दुसरा कुठे गेला विचारलं की म्हणायचा, "दुसरो डेंगो आयेन सारात घातल्यान." ती कुर्ली राहू दे, असं यशोदाने सांगितलं होतं. गवंडी विसरला, असं सत्यवान म्हणाला. उगाच विषय नको म्हणून ती गप्प बसली.

आजचा बेत रियाचा. ती फोनवर पर्यटकांना घरगुती मुक्काम जुळवून देते. हारुको नावाच्या जपानी बाईंनी धामापुरात घर भाड्याने घेऊन चहाची खोली थाटली होती, आणि पहिले पाहुणे तुझ्याच घरचे आण, असा निरोप त्यांनी स्वतःहून पाठवला होता. पाहुण्यांची नावंही आधी विचारून घेतली. पाहुणा पाहून वाडगा निवडायचा, अशी त्यांची रीत. त्यांचा नवरा मागे राहून पाणी तापवतो, पाहुण्यांसमोर येत नाही, हीसुद्धा रीतच असावी. आसनं दोनच होती, म्हणून रिया बाहेर थांबली.

दार इतकं बुटकं की रांगतच आत जावं लागलं. सत्यवान पुटपुटला. हारुकोबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "बसा. सावकास."

गावाने यांना आपलं बोलणं शिकवलंसुद्धा, याचं यशोदाला कौतुक वाटलं.

बांबूच्या पडद्याआड पाण्याचा आवाज झाला, एक हात किटली पुढे सरकवून मागे गेला. बाईंनी हिरवी पूड घोटून लापशीसारखा दाट चहा केला. वाडगा एकच. सत्यवानाने तीन घोट घेतले, काठ पुसला आणि तो यशोदापुढे ठेवला.

चहा कडू होता, पण उतरला तसं तिच्या आत काहीतरी निवलं. इतक्या दिवसांनी जीव जरा स्वस्थ झाला. उद्याचं सगळं नीट होईल, असं वाटलं. शेवटचा घोट तिने रियाने सांगितल्याप्रमाणे आवाज करून ओढला आणि खाली पाहिलं.

वाडग्याच्या तळाशी एक कुर्ली होती. एकाच डेंग्याची.

यशोदाने वाडगा सत्यवानाकडे सरकवला. आता निरखायची पाळी त्याची होती.

त्याने आत पाहिलं. नऊ वर्षांपूर्वीची ती बातमी आणतानासुद्धा त्याचा चेहरा इतका पांढरा पडला नव्हता.

हारुकोबाई हात मांडीवर ठेवून थांबल्या होत्या.

"विचारा मा," यशोदा सत्यवानाला म्हणाली.

सत्यवानाने वाडगा चटईवर पालथा घातला. "चल, उशीर झालो," तो म्हणाला आणि बुटक्या दाराकडे वळला.

यशोदा उठली नाही. वाडगा तिने पुन्हा उताणा केला, त्या कुर्लीवरून बोट फिरवलं, आणि मुख्य पाहुण्याचा प्रश्न तिनेच विचारला.

"ह्यो वाडगो कोणी केल्यान?"

हारुकोबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"मीया केलंय," पडद्याआडून आवाज आला. "माका पाण्यात कोणी ढकलल्यान, ता सत्यवानाक विचार, यशोदा."