पाच-नऊचा शिरस्ता

रविवारी सकाळी, जिन्याखालच्या खोलीत, एका हौशी रेडिओवाल्या गृहस्थांनी आपल्या पॉडकास्टचा नवा भाग ध्वनिमुद्रित करून रेडिओवाल्या मित्रांकडे रवाना केला. आजवर त्यांच्या कार्यक्रमाला कुत्रंही विचारत नव्हतं. यालाही दाद मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा, असा पण त्यांनी बायकोसमोर केला होता. विषय जिव्हाळ्याचा होता: रेडिओ-स्पर्धेतला खोटेपणा. बिनतारी संचावरून जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायच्या या स्पर्धेत घाईच इतकी, की समोरच्याचा आवाज धड ऐकू येवो न येवो, प्रत्येकाला 'पाच-नऊ', म्हणजे 'आवाज खणखणीत', असा शेरा द्यायचा आणि पुढचा गाठायचा. या शिरस्त्याची त्यांनी पार सालटी काढली होती.

दुपारपर्यंत झाडून सगळ्यांची उत्तरं आली. "पाच-नऊ, गुरुजी!" "पाच-नऊ! काय आवाज, काय मुद्दे!" "पाच-नऊ. डोळे उघडलेत आमचे."

"बघ! म्हणे कोण ऐकतंय तुमचं!" त्यांनी फोन बायकोपुढे नाचवला.

"अगंबाई, मग मलाही ऐकलंच पाहिजे," म्हणत तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि इअरफोन कानात घातले. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरची रेष हलेना. तिने भाग पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला. गृहस्थ मान ताठ करून शाबासकीची वाट पाहत उभे होते.



"अहो, माइक चालू करायला विसरलात तुम्ही. यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चकार शब्द नाही."