धक्क्यापाशी तिसरी फेरी

पहिल्या फेरीला वारा खरोखरच वाईट होता. तो किनाऱ्याकडून पाण्याकडे सुटला होता. शिडं उतरवून नुसत्या इंजिनावर आलेली होडी धक्क्याजवळ पोचली की तिला पुन्हा बाहेर ढकलत होता. बायको होडीच्या पुढच्या टोकाला दोराचं वेटोळं घेऊन उभी होती, नवरा मागे सुकाणूवर. त्याने बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे वळून परत येऊ, आणि होडी वळली.

धक्क्याला लागताना बोलायचं नाही, असा या होडीवर कायदा होता. एका बंदरात दोघांनी एकमेकांवर इतका आरडाओरडा केला होता की शेजारच्या होड्यांवरची माणसं चहाचे कप घेऊन बघायला बाहेर आली. तेव्हापासून नवऱ्याने खुणा ठरवून टाकल्या. मूठ म्हणजे थांब, तळवा खाली म्हणजे हळू, बोट गोल म्हणजे पुन्हा. साऱ्या जगात पुढे उभा असलेला माणूस खुणा करतो आणि सुकाणूवाला त्या मानतो, कारण पुढचं दिसतं ते पुढच्यालाच. यांच्याकडे मात्र खुणा मागून यायच्या. त्यामुळे धक्का जवळ आला की ती धक्क्याकडे पाठ करून नवऱ्याच्या हाताकडे बघत राहायची.

आज तिची मान राहून राहून धक्क्याकडे वळत होती. तिथे तिची धाकटी बहीण उभी होती. बायकोला आज इथे उतरायचं होतं आणि पुन्हा चढायचं नव्हतं. पाणी आणि डिझेल भरून नवरा इथून लांबच्या सफरीला निघणार होता, वर्षभर तरी. त्याच्याबरोबर होडीतल्या त्या खालच्या खोलीत आणखी एक वर्ष काढलं तर आपलं काही शिल्लक राहणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. त्याला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आधी जमिनीवर उभी राहीन, मग सांगेन, असं तिने ठरवलं होतं. सकाळीच तिने बॅग वर आणून डोलकाठीशी ठेवली होती.

दुसऱ्या फेरीला धक्क्यावरचा राखणदार पुढे धावला. "टाका दोर, बाई! मी धरतो!" त्याने दोन्ही हात पसरले. तिने दोर फेकायला हात उचलला आणि सवयीने मागे पाहिलं. मूठ. परक्या माणसाच्या हातात आपला दोर द्यायचा नाही, हा या होडीवरचा दुसरा कायदा. तिचा हात खाली आला. होडी वळली, तसा राखणदाराने कपाळाला हात लावला.

"ताई, काय चाललंय काय?" बहीण ओरडली. 

तिसऱ्या फेरीला वारा पडला होता. धक्क्यावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. होडी इतकी अलगद आत आली की धक्क्याला बांधलेले जुने टायर, त्यांच्यावरचं शेवाळ, बहिणीच्या चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं तिला स्पष्ट दिसलं. तिने एक पाय कठड्याबाहेर टाकला. बहिणीने हात पुढे केला. आणि तिने मागे पाहिलं.

नवऱ्याचं बोट हवेत गोल फिरत होतं. त्याची नजर धक्क्याकडे नव्हती, वाऱ्याकडे नव्हती, डोलकाठीजवळच्या बॅगेवर होती.

तिचा पाय आपोआप आत आला. तिने विचार केला नाही, ठरवलं नाही, खूण दिसली आणि पाय परतला. होडी मागे सरकायला लागली तेव्हा तिला त्या पायाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

नवऱ्याने होडी खाडीच्या मध्यावर आणली आणि उंच केलेला हात झटकन खाली सोडला. म्हणजे नांगर टाक. तिने कळ ओढली. साखळी खडखडत पाण्यात गेली आणि थांबली. इंजिन बंद झालं. मग तो पुढे आला. धक्का दूर राहिला होता, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती.

"वारा पडला की लावू," तो म्हणाला.

"वारा कधीच पडलाय, अहो."

"तुला तसं वाटतंय." त्याने बॅगेकडे पाहिलं. "बॅग खाली नेऊन ठेव. उगाच भिजेल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाने आपल्याला कसं घट्ट धरून ठेवलंय हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. हा माणूस वारा पडायची वाट बघणार, मग भरतीची, मग उद्याची. धक्का रोज समोर असणार.

बहीण अजून तिथेच उभी होती. ती काहीतरी ओरडत होती, पण शब्द पोचत नव्हते.

"किती लांब असेल हो धक्का?" तिने विचारलं.

कामाचा प्रश्न आला म्हणून त्याला बरं वाटलं. त्याने डोळे बारीक करून अंदाज घेतला. "असेल दोनेकशे मीटर. का? चालत थोडंच जाता येणार आहे?"

"नाही," ती म्हणाली, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.