उंबऱ्याबाहेरच्या चपला

“बाई, नूतनले कॉलेज दाखवाले न्याल, त निरं कॉलेज पाहून वापस येऊ नोका. पोरगी तिथं हासते का, थे पाहजा. हासली, त तुमच्या भावाले हौ म्हणजा. तुमचंच आयकतेत थे.”

विमलाबाईंच्या भावजयीचे, ज्योत्स्नाचे, हे दवाखान्याच्या खाटेवरचे शब्द. विमलाबाईंनी तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं. ज्योत्स्ना गेली. आज तिची सतरा वर्षांची नूतन आत्याबरोबर राजेगावहून बालाघाटला कॉलेज पाहायला आली होती, आणि सकाळपासून पोरीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती.

विमलाबाईंनी काही कमी केलं नाही. बसस्टँडवरच्या गाड्यावर तिला गुपचूप, म्हणजे पाणीपुऱ्या, खाऊ घातल्या; स्वतः बाहेरचं पाणीही घेत नसत, म्हणून नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. बाजारात बांगड्या भरल्या. बागेत तर या वयात पदर खोचून झुल्यावर बसल्या अन् म्हणाल्या, “लोट वो मले.” नूतनने धानाचं पोतं सरकवावं तसं लोटलं.

“मजा आली का?”

“हौ, आत्या.”

औषध घेताना म्हणतात, तसलं हौ.

खरं सांगायचं तर विमलाबाईंना आतल्या आत बरंच वाटत होतं. तुळशीपाशी दिवा लावला की त्या सकाळपर्यंत मौन पाळत. कित्येक वर्षांचं व्रत ते. त्या मौनात नूतन पोथी वाचून दाखवी, कारण त्यांच्या डोळ्यांना आता अक्षर लागत नव्हतं. पोरगी हॉस्टेलला गेली तर घरात आवाज कोणाचा? मन इथवर आलं की त्या लाजून रामाचं नाव घेत.

कॉलेजात दफ्तराच्या खोलीबाहेर आई-बाप, पोरी ताटकळत बसलेल्या. आत टेबलावर सरस्वतीचा फोटो, त्याला झेंडूचा हार. ते पाहून विमलाबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि अनवाणीच बाहेर येऊन बाकावर बसल्या.

त्यांना पाहून रामपायलीच्या एका शेतकऱ्याने जोडे काढले. मग त्याच्या बायकोने. मग जो येईल तो. जीन्स घातलेली एक पोरगी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. बघता बघता दारात चपलांचा ढीग झाला.

दफ्तरातला बाबू जेवून आला आणि ढिगापाशी थबकला.

“आज पूजा है क्या? किसी ने बताया नहीं.”

त्यानेही मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तसाच तो आत गेला, आणि आतून त्याचा आवाज आला, “प्रसाद किधर रखा है भाई?”

नूतनने ओढणी तोंडाशी धरली.

शेजारी बसलेली ती बुटांची पोरगी तिच्या कानाशी वाकली. “मैं तो तेरी आंटी को देखके उतारी. अब फिर से नाड़ा बांधो.”

आणि नूतन हसली. मान मागे टाकून, शेवटी उचकी लागेपर्यंत. ज्योत्स्ना अशीच हसायची. दोघी एकमेकींच्या खांद्यावर कपाळ टेकून हसत राहिल्या, आणि विमलाबाई उगाच पदराची घडी नीट करत बसल्या.

“मैं मंजू. उकवा से,” डोळे पुसत ती पोरगी म्हणाली. “हॉस्टेल में आ रही ना?”

नूतनचं हसू थांबलं. तिने आत्याकडे पाहिलं.

“पता नहीं,” ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये नूतन खिडकीला डोकं लावून बसली होती. विमलाबाईंना सकाळचं आठवत होतं. निघताना भाऊ, सुखराम, म्हणाला होता, “हॉस्टेलले ठेवाचं का नाही, तू म्हणशीन तसं. पण दिवा लावाच्या आधी सांगजो. उद्या फारमची आखरी तारीख, अन् मी पहाटीच वारासिवनीले जाऊन राह्यलो. सही आज रातीच करा लागन.”

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली. सुखराम अजून शेतात, धानाच्या बांधीतच होता. लांबवर त्याची टॉर्च हलताना दिसत होती.

विमलाबाईंनी हातपाय धुतले. नूतनने रोजच्यासारखी निरांजनात वात भिजवून ठेवली होती. पोथीही चौरंगावर काढून ठेवली होती, आतल्या खुणेसकट.

“आत्या, दिव्याची वेळ झाली.”

विमलाबाईंनी काडेपेटी उचलली. एक काडी ओढायची. मग तोंड मिटलं ते उजाडेपर्यंत, आणि उजाडायच्या आत सुखराम वारासिवनीला गेलेला. खोटं बोलावंच लागणार नव्हतं. व्रताला कोण बोल लावतो?

त्यांनी काडेपेटी नूतनच्या तळहातावर ठेवली.

“आज तू लाव.”

“अन् तू कुठं चालली? अंधार पडून राह्यला.”

“आलोच.”

उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला होत्या. विमलाबाईंनी त्या पायात घातल्या नाहीत. पदर डोक्यावर घेतला आणि अनवाणी पायांनी धुऱ्याच्या बांधावरून त्या टॉर्चच्या दिशेने चालू लागल्या.