अठरा वर्षांची बरणी

तय्यबने बरणीवरचे गोणपाट फाडले आणि त्याचा हात जागीच थांबला. लाखेने बंद केलेल्या झाकणावर कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरलेला होता.

जर्मन लढाईच्या वर्षी रंगूनच्या एका चिनी व्यापाऱ्याने त्याला हा ऊलाँग चहा दिला होता. अठरा वर्षे मुरू द्यावा, अधूनमधून निखाऱ्यांच्या मंद उष्णतेवर त्यातील ओल घालवून झाकण पुन्हा लाखेने बंद करावे, आणि परका गंध त्याला कदापि शिवू देऊ नये, एवढेच सांगणे. तय्यबने ते व्रतासारखे पाळले. कारंज्यातील त्या घरात बरणीच्या खोलीत कांदाही जात नसे. आज अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. अंगणातल्या शेगडीवर पाणी उकळत होते.

“हे कोनं केलं?”

त्याची पत्नी लतीफा पुढे आली. “मीनं, जी. किडा लागू नाही म्हनून. आमच्या घरी जवारीत टाकतेत ना.”

“जवारीत! बागवानाची पोर ते बागवानाचीच राह्यली!”

त्याने शेगडीजवळचा लोखंडी चिमटा उचलला. पहिला घाव तिने मनगटावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा खांद्यावर बसला, तिसरा कपाळावर. शेजारी कळू नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीशी खाली बसली.

तय्यबची आई अमीनाबी ओसरीवरून उतरली. तिने मुलाकडे पाहिले नाही. बरणीवरचा पाला बाजूला सारला. लाख अखंड होती, कुठे तडासुद्धा नव्हता. वरवंट्याने तिने ती फोडली आणि मूठभर काळपट पाने काढून त्याच्या नाकाशी धरली.

“घे वास. कुठं हाये नीम?”

जुन्या चंदनावर मध सांडावा तसा तो गंध होता. तय्यबच्या हातातून चिमटा गळून पडला. त्याचे दोन्ही हात बरणीकडे गेले.

“अम्मा, दे.”

अमीनाबीने उकळते भांडे पायाने दूर लोटले आणि बरणी निखाऱ्यांवर उपडी केली.

तय्यब गुडघ्यांवर कोसळला. उघड्या हातांनी तो निखाऱ्यांतून पाने ओढू लागला. बोटांची कातडी सुटत होती. लतीफा पाहत राहिली. धूर संथपणे वर चढला आणि भिंत ओलांडून गेला.

पलीकडून शेजारच्या शफीकची आनंदी हाक आली, “ओ चाची, काय पकवून राह्यल्या आज? असा वास त ईदलेबी येत नाही!”