दांडीवरची साय

टाकी रिकामी होती. भानुदासनानांनी झाकण उघडून दोनदा आत डोकावून पाहिलं होतं. तरी भिंतीवरचा मीटर टाकी भरलेली दाखवत होता. तो तसं दाखवतोय तोवर पंप चालू होत नव्हता, आणि डेअरीच्या दारात गावाचं सकाळचं दूध कॅनमध्ये तापत होतं.

"ताई, माझे डोळे खोटं बोलतात, का हा?" बायको गेल्यापासून नानांना आपल्याच डोक्याचा भरवसा उरला नव्हता.

दुरुस्तीला आलेल्या ताईंनी टाकीतली सेन्सरची दांडी बाहेर काढली. "ही दांडी आणि टाकीची भिंत, यांच्यामध्ये थोडी वीज साठते. मध्ये हवा असली तर कमी, दूध असलं तर जास्त. त्यावरून मीटर पातळी सांगतो. पण हिच्यावर सायीचा थर बसलाय, नाना. दूध गेलं तरी त्याला ते आहेच असं वाटतंय."

"म्हणजे बिघडला नाही?"

"छे! पुसा, झालं."

नानांनी ओल्या फडक्यानं दांडी पुसली, ताईंनी ती परत बसवली. मीटर शून्यावर आला, पंप सुरू झाला. नाना मात्र फडकं हातात धरून तिथंच उभे.

"ताई, मी अजून रोज दोन कप चहा टाकतो. नऊ महिने झाले. येडा झालो का मी?"

"दुसऱ्या कपाचं काय करता?"

"गार झाला की मीच पितो."

ताईंनी हत्यारांची पिशवी बंद केली. "उद्या मीटर बघायला मी परत येणार आहे. तो कप इकडं घेऊन या. साखर बेताची घाला."