मिस्त्रींची साक्ष

“मिस्त्रीकाकांना विचारा साहेब. ते म्हणतील ते मला मान्य,” क्रेनवाला छाती ठोकून म्हणाला.

मॅनेजरसाहेबांनाही तेच हवं होतं. सकाळी क्रेनच्या पकडीतून लोखंडी पत्रा सुटला आणि खाली काम करणाऱ्या फिटरचा पाय चेचला. माल हवेत असला की क्रेनवाल्याने हॉर्न द्यायचा आणि खालच्यांनी बाजूला व्हायचं, हा शेडचा नियम. फिटर ऑपरेशनच्या टेबलावर होता, बाकीचे तेव्हा चहाला गेलेले. हॉर्न दिला नसेल तर क्रेनवाल्याची नोकरी गेलीच म्हणायची, आणि घरी पाळणा हलायचा होता. तरी गडी निर्धास्त होता.

म्हातारे वेल्डर, म्हणजे सगळ्यांचे मिस्त्रीकाका, हात पुसत आत आले. या माणसाने जन्मात कुणाची री ओढली नव्हती, मालकाचीसुद्धा नाही. खुर्ची ओढून ते थेट साहेबांसमोर बसले.

“तोंडाकडे बघून बोला साहेब. पाठमोऱ्या माणसाशी आपलं जमत नाही.”

साहेब हसले. “पत्रा पडला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“फिटरच्या शेजारी, वेल्डिंग करत. क्रेनकडे पाठ होती.”

“हॉर्न वाजला?”

“नाही.”

“काका!” क्रेनवाला मागून ओरडला. “अहो, दोनदा दिला मी!”

काकांनी मानही वळवली नाही. साहेबांना त्यांचं कौतुकच वाटलं.

“नक्की ना?”

“खोटं बोलून ते पाप कुठे फेडू? हातभर अंतरावर पडलाय पत्रा. हॉर्न वाजला असता तर मी तिथे थांबलो असतो? मला काय जीव जड झालाय?”

उत्तर बिनतोड होतं. क्रेनवाल्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

संध्याकाळी काका ताठ मानेने गेटबाहेर पडले. पोरगं कामाला चांगलं होतं, त्यांना वाईट वाटत होतं. पण खरं ते खरं. क्रेनवाला डबा घेऊन मागोमाग निघाला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

“काका, थांबा! मला बोलायचंय!”

काका रस्त्याच्या मधून चालतच राहिले. तेवढ्यात मागून भरधाव ट्रक आला. क्रेनवाल्याने डबा टाकला, धावत जाऊन काकांना दंडाला धरून कडेला ओढलं. ट्रक करकचून थांबला.

काका लालबुंद झाले. “बघ!” ट्रककडे बोट दाखवत ते ओरडले. “हॉर्न न देता अंगावर घालतात, आणि वर म्हणतात, दिला होता!”

ड्रायव्हरचा हात अजून हॉर्नवरच होता.